क्रूझ नेमकी कुठल्या वयात करायची? आमच्याकडे सव्वादोन ते ८३ सगळे आहेत

सिंहगडरोडवाली
मंडळी नमस्कार, मदत हवीये आणि जरा लवकर हवीये कारण घरात पार्ट्या पडल्यात.

सासूबाईंना येत्या जानेवारीत ८० पूर्ण होतील, सासरे ८३. हॉल घेऊन तीनशे पानं उठवण्यापेक्षा घरच्यांनीच मिळून कुठंतरी जाऊ, इथपर्यंत एकमत झालं, मग नणंदेने क्रूझचं पिल्लू सोडलं. शेहेचाळिशीचा दीर लगेच म्हणाला क्रूझ म्हणजे रिटायर लोकांचं काम, डेकवर खुर्ची टाकून पेपर वाचायचा, मी बोअर होईन. सासूबाई म्हणाल्या छे, तिथे रात्रभर नाचगाणी नि बाटल्या, ते तरुणांचं, आम्ही तिथे काय करणार. माझा सोळा वर्षांचा म्हणतो सगळीकडे बारकी पोरं बोंबलत असतात, आणि नणंदेला काळजी की तिची लेक सव्वादोन वर्षांची आहे, तिच्यासाठी तिथे काहीच नसेल. म्हणजे आमच्याकडे प्रत्येकाच्या मते क्रूझ ही दुसऱ्याच कुणाच्या तरी वयाची आहे :)

सासऱ्यांचे गुडघे कुरकुरतात, बीपी दोघांना, सासूबाईंना शुगर (गोळ्या, इन्सुलिन नाही). दोघंही पक्के शाकाहारी. सासरे सोडले तर मांडव्याच्या बोटीपलीकडे आमच्यापैकी कुणाचाच समुद्राशी संबंध आलेला नाही. मुंबई-गोवा करावी, सिंगापूरहून करावी, की सोडूनच द्यावं?

पेठेतला
सोडूनच द्या. पैसे भरून हॉटेलात बसायचं आणि वर हॉटेल हलतंय म्हणून कौतुक करायचं. त्यापेक्षा खडकवासल्याला जाऊन सगळ्यांनी कणीस खा, उरलेल्याची एफडी करा, आजी-आजोबांना व्याजही जास्त मिळतं. हलकेच घ्या.

सत्तरीची_सायकल
पेठेतले, तुम्ही घरीच बसा, तेवढीच गर्दी कमी.

ताई, माझं वय आयडीत आहेच. हे गेल्यानंतर मी दोन प्रकारे फिरले, बसच्या टूर आणि जहाज, आणि फरक सांगते म्हणजे तुमच्या सासूबाईंना पटेल. बसच्या टूरमध्ये रोज सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, मग सगळा दिवस कुणीतरी आपल्यासाठी थांबलेलं असतं किंवा आपण कुणासाठी तरी, आणि चाळीस माणसांच्या डोळ्यांत "या काकूंमुळे उशीर" हे दिसत असतं. जहाजात बॅग एकदाच उघडायची, कपाटात साड्या लावायच्या, खोली तीच राहते आणि गाव बदलतं. मुलीबरोबर व्हँकुव्हरहून अलास्का केली तेव्हा ती आणि जावई सकाळी बर्फाच्या नदीवर चालायला गेले, नातू भिंत चढायला, मी काचेमागे शाल घेऊन चहा पीत डोंगर बघत बसले. संध्याकाळी जेवायला एका टेबलाशी आलो तेव्हा प्रत्येकाकडे सांगायला वेगळं काहीतरी होतं. घरी आम्ही असं जेवतच नाही हो, घरी सगळे फोनमध्ये.

रिटायर लोकांचं काम हे तुमच्या दिरांचं म्हणणं फारच जुनं झालं. क्रूझ कंपन्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिच्या आकड्यांत प्रवाशांचं सरासरी वय साधारण ४६-४७ येतं, म्हणजे तुमचे दीरच निघाले ते! अर्थात सरासरीने फसू नका, आजी आणि नात शेजारी बसल्या तरी सरासरी चाळीसच येते. जहाज कुठलं, किती दिवसांचं आणि सुट्टी कुठली यावर सगळं बदलतं. दोन-तीन रात्रींच्या ट्रिपला नोकरीवाली तरुण मंडळी जास्त, दोन-तीन आठवड्यांच्या लांबच्या सफरीला वेळ आणि पेन्शन दोन्ही असलेले. शाळांना सुट्टी असेल तर पोरंच पोरं. ज्यांना पोरं अजिबातच नकोत त्यांच्यासाठी व्हर्जिन आणि वायकिंग कंपन्यांची समुद्रावरची जहाजं आहेत, तिथे १८ च्या खाली प्रवेशच नाही. (कधीकधी मला तो मोह होतो, खोटं कशाला बोलू.)

एकटीने जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवते, भाडं दोघांच्या खोलीवर धरतात त्यामुळे एकट्या माणसाला बरेचदा जवळजवळ दोघांचं पडतं. नॉर्वेजियन कंपनीने २०१० मध्ये एपिक जहाजावर एकट्यांच्या छोट्या खोल्या काढल्या, मग बाकीच्यांनीही थोड्याफार काढल्या, पण त्या लवकर भरतात. ही गोष्ट मला फार टोचते. नवरा गेला म्हणून दंड भरायचा का?

नळस्टॉप
शेवटच्या वाक्याला +१००

छोटीची_आई
नणंदेसाठी लिहिते, आमची तेव्हा दोन वर्षांचीच होती.

बहुतेक मोठ्या कंपन्या ६ महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत, आणि ज्या सफरीत सलग बरेच दिवस जमीन नाही, जसं अटलांटिक ओलांडणं, तिथे १२ महिन्यांची अट असते. तुमची त्या पुढे गेलेली आहे. पण तीन वर्ष हा खरा उंबरठा आहे, कारण बहुतेक ठिकाणी किड्स क्लब ३ पासून आणि तेही डायपर सुटलेला असेल तर. सव्वादोनची म्हणजे मधल्यामध्ये, क्लबात घेणार नाहीत आणि मोठ्या पूलमध्ये डायपर घालून उतरू देणार नाहीत, स्विम डायपरसुद्धा नाही. काही जहाजांवर बाळांसाठी पाण्याचा वेगळा कोपरा असतो, काहींवर नसतो, त्यामुळे बुकिंगआधी हे एकच विचारा, बाकी सगळं चालून जातं. डिस्नेच्या जहाजांवर ६ महिन्यांपासूनच्या बाळांना पैसे भरून पाळणाघर आहे पण ते बजेट वेगळं.

मग मजा आली का? आमच्या पोरीला आली. तिला लिफ्ट आवडली, बुफेमधलं कलिंगड आवडलं आणि कॉरिडॉर आवडला. रोज कॉरिडॉरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायची आणि खोली आवरणाऱ्या दादाला टाटा करायची. मला मात्र दुपारी दीड ते साडेतीन अंधाऱ्या खोलीत तिच्याशेजारी पडून राहावं लागलं, म्हणून सांगते बाल्कनीची खोली घ्या, बाळ झोपलं की आई बाहेर बसू शकते. बाल्कनीचं दार उंचावरून लॉक होतं पण तरी खुर्च्या कठड्याजवळ ठेवायच्या नाहीत म्हणजे नाहीत.

आणि कुणी गरोदर असेल घरात तर, बहुतेक कंपन्या प्रवास संपेपर्यंत २४ वा आठवडा लागणार असेल तर चढू देत नाहीत. सुरू व्हायच्या दिवशी नाही, संपायच्या दिवशी मोजतात. डॉक्टरचं पत्रही मागतात.

पेठेतला
म्हणजे पोरीला कॉरिडॉर आवडला. आमच्या सोसायटीतही आहे, फुकट.

छोटीची_आई
तुमच्या सोसायटीत कुणी टाटा करतं का पण?

जहाजी_काका
हा हा, हे बेस्ट होतं.

मी ३० वर्ष मालवाहू जहाजांवर इंजिनाकडे काढली, आता औंधात बागकाम. प्रवासी जहाजांशी संबंध कमीच पण समुद्र तोच असतो म्हणून लिहितो.

वयापेक्षा महिना बघा. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर नावच काढायचं नाही, मुंबईची क्रूझसुद्धा पावसाळ्यात चेन्नईकडे जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात कधीमधी वादळं होतात. डिसेंबर ते फेब्रुवारी शांत, तुमचा जानेवारी एकदम बरोबर बसलाय.

मग खोली. जहाज म्हणजे सी-सॉ समजा, टोकाला बसणारा जास्त वरखाली होतो, मधला कमी. त्यामुळे ज्येष्ठांना मध्यभागी आणि जमेल तितक्या खालच्या मजल्यावर. पुढच्या टोकाची सगळ्यात वरची खोली फोटोला छान, पोटाला वाईट. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते डावी-उजवी डोलणं बरंच कमी करतात, पुढे-मागे होणारी हालचाल मात्र त्यांच्या हातात नसते. आणि मोठं जहाज कमी हलतं हे ढोबळमानाने खरं. मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज साधारण ४८,५०० टनांचं, १९९० साली बांधलेलं, आधी नॉर्डिक एम्प्रेस नावाने रॉयल कॅरिबियनकडे होतं. रॉयल कॅरिबियनचंच २०२४ चं आयकॉन ऑफ द सीज जवळजवळ अडीच लाख टन. म्हणजे पाचपट. पण आजोबांच्या गुडघ्यांच्या बाजूने विचार केला तर लहान जहाजच बरं, कारण त्या अजस्र जहाजावर नाश्त्याला जायचं म्हणजे मॉर्निंग वॉक. (टन म्हणजे इथे वजन नव्हे बरं, आतली जागा.)

लक्षद्वीपचा पॅकेज आकर्षक दिसेल, पण ८३ च्या माणसाला नेऊ नका असं माझं स्पष्ट मत. जहाज बेटाच्या बाहेर नांगर टाकतं, तिथून छोट्या बोटीत उतरायचं, लाट खाली-वर होत असते आणि बरोबर वेळ साधून पाय टाकायचा असतो. जिथे जहाज थेट धक्क्याला लागतं अशीच बंदरं घ्या. गोव्याला मुरगावला धक्क्यालाच लागतं, शिडी उतरली की टॅक्सी.

सुरुवातीला जी मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची तालीम असते ती सासऱ्यांसकट सगळ्यांनी नीट करायची. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा पोरांकडूनही पाठ करून घ्या. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडलं तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येक प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती, त्यानंतर नियम बदलला आणि आता सुटायच्या आधी किंवा सुटल्यावर लगेच करावीच लागते. तान्ह्या बाळांसाठी आणि मुलांसाठी वेगळी लाइफ जॅकेट ठेवणं जहाजाला सक्तीचं आहे, खोलीत नसतील तर खोलीवाल्याकडे मागायची, लाजायचं नाही.

रत्नांग्रीची_बोट
वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. वय ७६, मुक्काम कर्वेनगर.

आम्हा कोकणातल्या लोकांना हे "कुठल्या वयात" वगैरे कुणी विचारलंच नाही. भाऊच्या धक्क्यावर सकाळी बोट, ट्रंका, वळकट्या, फणस, एखादी कोंबडीसुद्धा, आणि डेकवर चादर टाकली की ती आपली जागा. बोट म्हणजे रोहिणी, पुढे कोकण सेवक. आजी पण तीच, तान्हं पोर पण तेच, नवी नवरी पण तिथेच ओकत बसलेली. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत बोट पणजीला जायची, बऱ्याच ठिकाणी ती आत यायचीच नाही, मग पडावात, म्हणजे छोट्या होडीत उतरायचं, जहाजीकाका सांगतात तसंच लाटेची वेळ साधून. माझ्या आजीला दोन खलाशी पोत्यासारखे उचलून देत असत आणि ती दोघांना शिव्या घालत उतरत असे. पावसाळ्यात बोटी बंद. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, ते आमच्या घरी प्रत्येक प्रवासाच्या आधी कुणीतरी काढायचंच.

बोट लागायची, म्हणजे मळमळायचं, तेव्हा उपाय एकच होता, आवळासुपारी तोंडात आणि नजर किनाऱ्याच्या रेघेवर. मागच्या हिवाळ्यात मुलाने मुंबई-गोवा क्रूझवर नेलं. एसी, गालिचा, सगळं झकपक. पण सकाळी लवकर उठून एकटा डेकवर गेलो आणि किनारा ओळखायचा प्रयत्न केला, फार दूर होता, काही कळेना. शेजारी एक विशीतला मुलगा झोप येत नाही म्हणून आला होता, त्याला रत्नागिरीचा दीपगृह, जयगड असं सगळं सांगत बसलो, त्याने दोन कॉफ्या आणल्या. त्याचे मित्र रात्रभर नाचून झोपले होते म्हणे.

सिंहगडरोडवाली
काका, हा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला. ते मूळचे मालवणचे. आता ते म्हणतायत गुडघे गेले खड्ड्यात, मी येतोय.

गोळ्याऔषधं
त्यांच्या उत्साहाला लगाम नाही घालत पण फार्मसीतला माणूस आहे म्हणून चार गोष्टी.

बोट लागू नये म्हणून आपल्याकडे जी अव्होमिन सर्रास घेतात ती प्रोमेथाझिन. दोन वर्षांखालच्या बाळाला अजिबात द्यायची नाही, तुमच्या भाचीलाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. ज्येष्ठांना तिने खूप झोप येते, तोल जातो, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ती नको. हलत्या जहाजात झोपाळलेला ८३ चा माणूस रात्री बाथरूमला उठला तर काय होईल ते सांगायला नको, शिवाय बाथरूमच्या दाराला बरेचदा छोटा उंबरा असतो. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना आधीच विचारा, आणि रात्रीचा एक छोटा दिवा न्या, बॅटरीवाला.

रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात आणि खोलीत येईपर्यंत संध्याकाळ होऊ शकते, तोवर दुपारची शुगरची गोळी बॅगेत अडकलेली. बुफेला सासूबाईंच्या ताटावर लक्ष ठेवा असं म्हणणार होतो पण ऐंशीव्या वाढदिवसाला तेवढं चालतं, नियमित चार तासांनी काहीतरी पोटात जाऊ द्या म्हणजे झालं. हात साबणाने धुवा, जहाजांवर पोटाचा जो नोरोव्हायरस पसरतो त्याला नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

परदेशातली घेतलीत तर इन्शुरन्सशिवाय पाऊल टाकू नका आणि बीपी-शुगर फॉर्मवर लिहा, लपवू नका. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतात, पण बिल डॉलरमध्ये आणि दणदणीत.

एफसीरोड_१९
तुमच्या मुलासाठी. मी १७ चा असताना आईबाबांबरोबर सिंगापूरहून गेलो होतो, जाताना तोंड पाडून. १३ ते १७ चा वेगळा क्लब असतो बऱ्याच मोठ्या जहाजांवर, तिथे आईवडील येऊच शकत नाहीत हा मुख्य फायदा :) पहिल्या संध्याकाळी जायचंच, कारण ग्रुप त्या दिवशीच बनतात, दुसऱ्या दिवशी गेलात तर सगळे आधीच सेट झालेले असतात. कॅसिनो आणि बारला वय बघतात, १८ किंवा २१, कंपनी आणि देशावर आहे, कार्ड स्वाइप केलं की वय दिसतं त्यामुळे जुगाड चालत नाही. वायफाय पैसे देऊन. फोन फ्लाइट मोडवर टाका नाहीतर समुद्रातलं सॅटेलाइट रोमिंग आपोआप लागतं आणि मग बाबा ओरडतात. छोट्या जहाजावर १६ वर्षांच्या मुलाला खरंच थोडं कमी असतं हे मात्र मान्य, तिथे कझिन सोबत असेल तर बरं.

नळस्टॉप
आम्हाला एका परदेशी जहाजावर ज्येष्ठांची खोली नेमकी डिस्कोच्या खाली आली होती, रात्री दोनपर्यंत छत धडधडत होतं, बदलून मागितली तर फुल आहे म्हणाले. बुक करताना डेकचा नकाशा उघडा आणि वर-खाली दोन्हीकडे खोल्याच आहेत अशी जागा निवडा. जहाजीकाकांचा मधला-खालचा नियम अधिक हा नियम, झालं काम. शक्यतो मंगळवार-बुधवारची घ्या, शनिवार-रविवारला बॅचलर पार्ट्या असतात कुठेही.

आणि घरून लाडू-चिवडा, पोळीभाजी न्यायचा बेत असेल तर आधी विचारून घ्या, घरी केलेलं खाणं बहुतेक जहाजांवर चढू देत नाहीत. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्रीसुद्धा काढून घेतात. आमच्या मातोश्रींचा किटलीवरून सिक्युरिटीशी जो संवाद झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

सत्तरीची_सायकल
शाकाहारीचं टेन्शन घेऊ नका ताई. मुंबईच्या जहाजावर तर आपलंच जेवण, आणि सिंगापूरच्या गेंटिंग ड्रीम जहाजावरही शाकाहारी आणि जैन मिळतं, आपली माणसं एवढी जातात की त्यांना द्यावंच लागतं. गोव्यात उतरल्यावर सगळ्यांनी एकाच गाडीत कोंबून फिरू नका. मोठ्यांना टॅक्सीने मंगेशी-शांतादुर्गा, तरुणांना बोगमाळोचा किनारा, सव्वादोनची जिच्याकडे झोपेल तिच्याकडे. जहाज सुटायच्या वेळेच्या निदान दोन तास आधी परत, ते कुणासाठी थांबत नाही.

पेठेतला
बरं, एक गंभीर प्रश्न. ते २०२३ ला सुरू झालेलं गंगा विलास, वाराणसी ते दिब्रुगड, ५१ दिवस, ३,२०० किलोमीटर. नदीवर तर लाटा नाहीत. एखाद्याला जायचं असेल तर? मित्र विचारतोय.

जहाजी_काका
मित्राला सांगा फक्त ३६ प्रवासी घेतात आणि त्यात मित्राची एफडी मोडेल. नदीवर बोट लागत नाही हे मात्र खरं.

सत्तरीची_सायकल
मित्राला म्हणावं स्वागत आहे.

सिंहगडरोडवाली
ठरलं! मुंबई-गोवा, जानेवारी, आठवड्याच्या मधली, चार खोल्या मधल्या भागात, नणंदेला बाल्कनी. दीर तयार झाला कारण सरासरी वय त्याचंच निघालं यावर घरात दिवसभर हसणं झालं. पुण्याहून डेक्कन क्वीनने जायचं, सीएसएमटीवरून बॅलार्ड पियर, जिथून जहाज सुटतं, ते जवळच आहे आणि घाटात ट्रॅफिकची भानगड नको.

आता शेवटचा प्रश्न. वाढदिवसाला ८० दिव्यांनी औक्षण करायचंय. तबकं, निरांजनं, तुपाच्या वाती सगळं मी नेते, पण हे डेकवर करायचं की डायनिंग हॉलमध्ये विचारून जागा मिळेल?

जहाजी_काका
अहो ताई!!! जहाजावर आग यासारखी दुसरी भीती नाही. निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती, कापूर, काडेपेटी, काहीही नाही. ८० दिवे लावलेत तर ते सात छोटे एक लांब खरोखरच वाजेल.

छोटीची_आई
बॅटरीचे दिवे मिळतात ना तुळशीबागेत, डझनावर. छान दिसतात फोटोत.

सिंहगडरोडवाली
विचारलं. सासूबाई म्हणाल्या सेलवर चालणाऱ्या दिव्यांनी माझं आयुष्य वाढणार नाही. औक्षण घरीच, निघायच्या आधी. डेक्कन क्वीन सव्वासातची, म्हणजे पहाटे साडेचारला ८० वाती पेटवायच्या आणि साडेपाचला सगळ्यांनी जेवणाचं नाही तर निदान शिऱ्याचं पान उरकून रिक्षात बसायचं. वाती वळायला आजपासून सुरुवात केलीये, दिराला दहा दिल्यात.

पेठेतला
शिरा कोण करतंय? पत्ता पाठवा, स्टेशनला सोडायला येतो.